आतल्या बाजूचा चेहरा

येत्या सोमवारी देऊळ पाडायचं असं ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी मारुतराव टेप घेऊन पारावर आले. ट्रस्टचे अध्यक्ष. डोक्यावर टोपी, पसरट नाक, गालांवर देवीचे वण, आवाज साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा. भीमेकाठचं आमचं भैरोबाचं देऊळ सातशे वर्षांचं. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. त्या जागी त्यांना स्लॅब हवा होता, आन् खाली टाइल्स.

"ताई, तुम्ही ब्लाऊज शिवा," ते मला म्हणाले. "दगडाची मापं आम्ही घेतू."

शिवणकाम हे माझं पोट. जुनी देवळं ओळखायला मात्र मी वाचनालयातली पुस्तकं उसनी आणून आणि उन्हातान्हात हिंडून शिकले. पुरातत्त्व खात्यातले एक साहेब फोनवर म्हणाले होते, "मूर्तीचा चेहरा जुन्या घडणीचा निघाला तर पाडकाम थांबवता येईल. फोटो पाठवा." पण चेहरा होता कुठे? शेंदराचे थरावर थर चढून भैरोबाचा नुसता गोळा झालेला, वर चांदीचे दोन डोळे.

शनिवारी दुपारी मी पूजा करणाऱ्या साखरबाई गुरवांना गळ घातली, शेंदूर उतरवू द्या म्हणून.

"शेंदराचं कवच देव सोडतो तवा घ्यायचं," त्या म्हणाल्या. "वढायचं न्हाई."

"आत्या, सोमवारी जेसीबी ओढणार आहे. त्यापेक्षा मी बरी ना?"

त्या हसल्या नाहीत. बाहेर जाऊन पाठ करून बसल्या.

चांदीचे डोळे उतरवून मी कडेनं कोमट तेल सोडलं, लाकडी पट्टी सारली. चार बोटं जाड कवच फणसाच्या सालीसारखं अखंड सुटलं. गाभाऱ्यातला गारवा एकाएकी गेला. तापाच्या माणसाजवळ बसल्यावर लागते तशी धग लागायला लागली.

मी पदरानं दगड पुसला. गुळगुळीत. नाक नाही, डोळे नाहीत. कधी कोरलेच नव्हते.

मग हातातलं कवच उलटं केलं. आतल्या बाजूला खोलगट चेहरा उमटला होता. अरुंद नाक, मिटलेल्या पापण्या, खालचा ओठ दातांखाली दाबलेला. पापण्यांचे केससुद्धा.

दगडाला नाही ते सालीला कुठून आलं, याचा विचार मी करायला हवा होता. मी विचार केला तो फोटोचा. घरी नेऊन त्यात प्लास्टर ओतलं. संध्याकाळी निघालेला पांढरा चेहरा इतका सुबक होता, की मला बघवेना. त्याच्यावर अस्तराचं कापड टाकलं. फोटो सकाळच्या उजेडात काढू म्हटलं.

सकाळी कापड उचललं. प्लास्टर ताटासारखं सपाट. कवचाची आतली बाजूही सपाट.

ते घेऊन मी साखरबाईंकडे पळाले. "आत्या, नदीत सोडून येऊ का?"

त्यांनी आत बोट फिरवून पाहिलं. "आता काय सोडतीस? रिकामं हाय ते."

सोमवारी दहा वाजता जेसीबी आला. सगळं गाव पारापाशी. मारुतराव देवळाच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभे होते. टोपी तीच. आवाज तोच.

"मशीन माघारी न्या. देऊळ हाय तसं ऱ्हाईल."

आणि ते वळले.

अरुंद नाक.

गालावर एक वण नाही.

खालचा ओठ दातांखाली. बोलताना तो हलला नाही. पापण्याही उघडल्या नाहीत.

"अध्यक्ष, ब्येस केलंत!" कुणीतरी ओरडलं. लोक पाया पडायला पुढे सरकले. मारुतरावांच्या बायकोनं, सुलक्षणावहिनींनी, चहाचा कप पुढे केला. "अहो, गार हुतोय."

मी वहिनींचा दंड धरला. "वहिनी, त्यांच्या तोंडाकडे बघा."

"बघतीय की. जागरण झालंय त्यांना," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडेच काळजीनं बघत राहिल्या. "तुमीबी जरा पडा घरी जाऊन."

देऊळ वाचलं होतं. मी मागितलेलं सगळं मला मिळालं होतं.

मी चालत फाट्यावर आले. तिथं मारुतरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, मागच्या महिन्यात लावलेला, उन्हानं विटलेला. शुभेच्छुकांच्या रांगांवर मधोमध त्यांचा मोठा फोटो.

अरुंद नाक. मिटलेल्या पापण्या.

फ्लेक्स कुणी बदललेला नव्हता. डाव्या पापणीवर कावळ्याची शीट कधीची वाळून तडकली होती.