डावा पान्हा

पंधराव्या दिवशी बाळाचं वजन भरलं दोन किलो सहाशे चाळीस. जन्मली तेव्हा दोन नऊशे होतं. नर्स ममताने आकडा फाईलमध्ये लिहिला आणि पेन तसंच धरून अनुजाकडे पाहिलं.

"दूध उतरते ना ताई?"

"उतरतं ना. रोज सकाळी दगडासारखं भरून येतं."

"मग जाते कुठे?" ममता हसली, पण लगेच गंभीर झाली. "सोमवारी पुन्हा पाहू. नाही वाढलं तर भरती करा लागन. नाकातून नळी टाकतील. लेकरू थकलं तर मग ओढतच नाही."

तिने समजावूनही सांगितलं. बाळ जेवढं पितं, तेवढंच दूध आईचं शरीर बनवतं. रडणं कानावर पडलं की पान्हा फुटतो, मग ते रडणं कोणाचं का असेना. गिळण्याचा आवाज ऐकत जा, पाजायच्या आधी आणि नंतर वजन करत जा, म्हणाली.

अनुजा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मोजणं हा तिचा भरवशाचा विषय. तिच्या नवऱ्याने, सुशीलने, त्याच संध्याकाळी वजनकाटा आणला आणि सेक्टर सहाच्या त्या जोडक्वार्टरमध्ये, मागच्या खोलीत, मोजमाप सुरू झालं.

उजवीकडून चाळीस ग्राम. डावीकडून काही नाही.

सकाळी दोन्ही बाजू सारख्याच टणक असायच्या. पण लेक उजवीकडे पिता पिताच झोपून जायची, आणि डावीकडे घ्यायची पाळी यायची ती दुपारी जाग आल्यावर. तोवर तीन वाजून गेलेले असायचे.

बुधवारी अनुजा तीनच्या आधीच बसून राहिली. बाळ पाळण्यात गाढ झोपलं होतं. घरात रडण्याचा आवाज नव्हता. तीनला डाव्या बाजूला सुया टोचल्यासारखं झालं. मग ओढ लागली. लयीत, हावरी ओढ. दहा मिनिटांत डावी बाजू पिळलेल्या फडक्यासारखी मऊ पडली.

तिने हात लावून पाहिला. ब्लाउज कोरडा होता.

आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता. बारीक, समाधानाचा. घोट, थांबणं, घोट.

सासू विजयाबाई स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या.

"आई, बाजूच्या क्वार्टरमध्ये कोणी राहायला आलं का?"

"कोण येते? दोन वर्षांपासून कुलूप आहे त्याले. लाइटबी कापून नेली. कावून?"

विजयाबाईंनी वर पाहिलं. सुनेचा हात डाव्या बाजूवर होता.

"अनुजा, सुरुवातीले जास्तीचं दूध काढत होती तू. मोरीत नको टाकू, पेरूच्या बुडाशी टाक म्हटलं होतं मी. तिथंच टाकलं ना?"

पेरू घरामागच्या बाडीच्या पार टोकाला होता, आणि टाके असे ओढायचे की पायरी उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. चार दिवस, दुपारी तीनला, तिने मागच्या पायरीवर उभं राहूनच वाटी ठेंगण्या भिंतीवरून पलीकडे रिकामी केली होती.

"पलीकडे," ती म्हणाली.

"रिकाम्या घराच्या दारात?"

विजयाबाईंनी ताट खाली ठेवलं. सुशील ड्युटीवरून आला तेव्हा बॅग भरलेली होती.

"हिले आताच बोरसीले सोडून ये. मावशीपाशी राहू दे थोडे दिवस."

"अरे, पण हुआ क्या? भांडल्या का दोघी?"

"चहा तिथंच पी."

बोरसीला गीतांजलीमावशीने अळीवाची खीर केली, डोक्याला तेल लावलं, आणि गुरुवारी दुपारी अनुजाने बाळाला डावीकडे घेतलं. पंचावन्न ग्राम. तिने दोनदा मोजलं. मावशी म्हणाली, "अव बाई, रडतेस कावून? आनंदाची गोष्ट आहे ना!"

सोमवारी दवाखान्यात काटा दोन किलो सातशे नव्वदवर थांबला.

"नळी नाही अन् काही नाही," ममता बाळाचे पाय चोळत म्हणाली. "दोन्हीकडून घेऊन राहिली ना? असंच चालू ठेवा. आता कुठं अंगात जीव भरून राहिला तिच्या. खंड पडू देऊ नका."

मावशीच्या घरी परत येऊन अनुजा खाटेवर बसली. बाळ मांडीवर झोपलं. फोन वाजला. विजयाबाई होत्या.

"किती भरलं?"

"दीडशे ग्राम वाढलं, आई!"

"माय माझी! मग एवढी कावून रडून राहिली? घे ना तिले."

अनुजाने मांडीवर पाहिलं. लेकीचे डोळे मिटलेले होते.

"आई, कुठे उभ्या आहात तुम्ही?"

"मांगच्या पायरीवर. कपडे काढून राहिली. घे आधी तिले, किती वेळची रडते!"

आता तिलाही ऐकू आलं. फोनमधून. रडणं मोठं नव्हतं. घसा बसलेला होता. मध्येच श्वास लागायचा, थांबायचं, पुन्हा नेटाने सुरू व्हायचं.

बुधवारपासून सोमवार. पाच दिवस.

डाव्या बाजूला सुया टोचल्या.

"आई, फोन जरा भिंतीवर ठेवता का?"

"कावून व?"

"ठेवा ना."

खरखर झाली. मग रडणं अगदी जवळ आलं, आणि थांबलं.

ओढ लागली.

मांडीवरची लेक चुळबुळली. डोळे न उघडताच तिने तोंड वळवलं आणि डावीकडे शोधू लागली.

अनुजाने तिला हलकेच दूर धरलं.

"थांब गं," ती म्हणाली. "जरा थांब."