सहा रॅकेट आणि एक चिमटा

फोन आला तेव्हा फौजदार प्रवेशद्वाराशी उभे राहून ओळखपत्रांवरचे फोटो आणि समोरचे चेहरे जुळवून बघत होते. महिला एकेरीच्या त्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत त्यांची नेमणूक 'सचोटी अधिकारी' म्हणून झाली होती. आठवडाभरात सचोटीला धोका एवढाच निघाला होता, की एका पत्रकाराने जेवणाची कुपनं दोनदा घेतली. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ही नोकरी त्यांना जावयाने मिळवून दिली होती. सासऱ्यांचं मन रमावं म्हणून, असं तो म्हणाला. सासरे दिवसभर घरात नसावेत म्हणून, असं फौजदारांना ऐकू आलं.

"गटिंगच्या खोलीत या," स्पर्धेचे संचालक फोनवर म्हणाले. "आणि चेहरा नेहमीसारखा ठेवा. कॅमेरेवाले आलेत."

फौजदारांचा चेहरा नेहमी वाईट बातमी ऐकल्यासारखाच असे. त्यांनी तोच ठेवला.

गटिंगची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. रॅकेटमध्ये तारा ओढून जाळी विणायची, ती इथे. टेबलावर सहा रॅकेट ओळीने पडल्या होत्या आणि एकीलाही जाळी उरली नव्हती. कापलेल्या हिरव्या तारा चौकटींच्या कडांना लोंबत होत्या. खेळाडू दणका कमी करायला तारांत जे इवलं रबर अडकवतात, ती सहाही रबरं खिडकीच्या कठड्यावर नीट मांडून ठेवलेली होती.

"छोटीच्या आहेत," संचालक म्हणाले. "सहाच्या सहा. फायनल अकराला आहे. आता साडेआठ."

छोटी एकोणीस वर्षांची. चौदाव्या वर्षी या मैदानांवर आली तेव्हा पडलेलं नाव तिला अजून चिकटून होतं. आज जिंकली तर क्रमवारीत इतकी वर जाणार होती, की मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश, आणि पुढच्याच आठवड्यात नव्या कोचबरोबर परदेशी सराव. हरली तर पुन्हा पात्रता फेऱ्या, पुन्हा उसने बिछाने, आणि मधल्या वेळात घर. समोर होती ताई. चौतीस वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, आणि सगळ्यांशी गोड बोलून सगळ्यांना हरवण्यात हातखंडा.

"मग विणा की परत," फौजदार गटिंगवाल्याला म्हणाले.

गटिंगवाला कपाळ पुसत होता. त्याने यंत्राकडे बोट केलं. "चिमटा नेलाय. ओढलेली तार धरून ठेवायला दोन लागतात. एकच ठेवलाय."

"तोडून नेला?"

"नाही. स्क्रू सोडवून. स्क्रू इथेच ठेवलेत, बशीत."

फौजदार खाली वाकले. टेनिसमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण नासधूस कळत होती. चिडलेला माणूस यंत्र ढकलून देतो, स्क्रू बशीत ठेवत नाही. रॅकेटही त्यांनी एकेक उचलून पाहिल्या. चौकटींवर ओरखडा नव्हता. सगळ्या जाळ्या बरोबर मध्यातून कापत कडेकडे नेलेल्या.

"तुम्ही जुनी जाळी काढता तेव्हा कुठून कापता?"

"मधूनच. एका कडेने कापलं तर दुसरीकडचा ताण तसाच राहतो, चौकट पिचते." मग प्रश्नाचा रोख लक्षात येऊन तो घाईने म्हणाला, "पण मी कशाला कापीन साहेब? मीच काल विणल्यात."

"खेळाडूंना हे माहीत असतं?"

"त्या कशाला कापायला जातील. आणून टाकतात आणि कधी मिळेल विचारतात."

"दुसरी अशी हिरवी तार आहे?"

नव्हती. ती बाजारात मिळतच नव्हती. नव्या कोचने महिन्याभरापूर्वी बाहेरून मागवलेलं रीळ या सहा रॅकेटमध्ये संपलं होतं.

"सकाळी खोली उघडी टाकून कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. कुलूप होतं."

यंत्राच्या मागे चहाचे दोन कागदी कप होते, दोन्ही अर्धे. फौजदारांनी ते पाहिले आणि तूर्त पाहिल्याचं दाखवलं नाही.

नवे कोच आले. इस्त्रीचा टीशर्ट, इस्त्रीचं बोलणं. या थराच्या स्पर्धांत असंच चालायचं, त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि गटिंगवाल्याकडे असं पाहिलं की तो आणखी घामाघूम झाला. ताईला फौजदार कपडे बदलायच्या खोलीबाहेर भेटले. गुडघ्यांना पट्ट्या बांधता बांधता ती म्हणाली, की तिला कापायचंच असतं तर तिने स्पर्धेचं वेळापत्रक कापलं असतं, अकराच्या उन्हात फायनल ठेवणाऱ्याचं नाक धरून. मग गंभीर होऊन तिने आपली एक रॅकेट छोटीला द्यायची तयारी दाखवली. पण तिची रॅकेट जड. त्या पोरीच्या मनगटाला ती झेपणारी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

फौजदार परतले तोवर खोलीत उद्धारकर्ता अवतरला होता.

तो छोटीचा बाप. सहाव्या वर्षापासून त्याने तिला शिकवलं होतं. त्यासाठी ड्रॉइंग मास्तरची नोकरी सोडली, गटिंगचं जुनं यंत्र घेतलं आणि गावोगाव तिच्या रॅकेट स्वतः विणल्या. दोन महिन्यांपूर्वी तिने नवा कोच धरला आणि बापाला विश्रांती घ्यायला सांगितलं. तेव्हापासून तो स्वतःचं तिकीट काढून सर्वांत वरच्या रांगेत बसून विश्रांती घेत होता.

आता जुनं यंत्र टेबलावर चढलं होतं आणि संचालक त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"गाडीत होतं म्हणून वाचलो," संचालक म्हणाले.

"सवय," बाप म्हणाला. "हल्ली ती काय लावते, किती लावते, देव जाणे. मला कोण सांगतंय."

हात मात्र भराभर चालले होते. छिद्रातून तार जात होती, ताणली जात होती, चिमट्यात अडकत होती. तार हिरवी होती.

फौजदार ती बराच वेळ बघत राहिले. मग गटिंगवाल्याला बाहेर नेऊन त्यांनी विचारलं, "दुसरा कप कुणाचा?"

गटिंगवाला जमिनीकडे बघू लागला. खोली सोडून गेलं तर नोकरी जाते, साहेब, म्हणाला. चहा आणायला फक्त दहा मिनिटं गेलो होतो. एक भला माणूस रोज गप्पा मारायला यायचा, तो म्हणाला, मी बसतो, तुम्ही जा. परत येऊन दोघांनी चहा घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात संचालकांनी बोलावलं. तोवर रॅकेट पिशवीतच होत्या, उघडून कोण बघतो? परत आलो तर तो गेला होता. मग पिशवी उघडली.

दहा वाजता फौजदारांनी संचालकांना आणि कोचना खोलीत बोलावलं. तिसरी रॅकेट यंत्रावर होती.

"हे आत्ताच करायला हवं का?" संचालकांनी विचारलं. "त्यांना काम तर पुरं करू दे."

"त्यांनीच सुरू केलंय, तेच पुरं करतील," फौजदार म्हणाले. "सामना बिघडवायचा असता तर चौकटी फोडणं सोपं होतं. इथे रबरंसुद्धा जपून ठेवलीत. म्हणजे रॅकेट आज वापरायच्याच होत्या. कापणारा स्वतः जाळी विणणारा आहे, कुठून कापायचं ते त्याच्या हातांना माहीत आहे. असे इथे दोघेच. गटिंगवाल्याला चिमटा काढून स्वतःचाच धंदा बंद पाडायचं कारण नाही. ज्याच्याकडे दुसरं यंत्र आहे, त्याला मात्र आहे. सकाळी दहा मिनिटं तोच या खोलीत एकटा होता."

"गाडीत यंत्र असणं गुन्हा नाही," बाप वर न बघता म्हणाला.

"नाही. पण ती काय लावते ते देव जाणे म्हणालात. ही तार कोचनी बाहेरून मागवलेली. इथलं रीळ संपलेलं, बाजारात मिळत नाही. तुम्ही ती आधीच मागवून ठेवलीत. आजच्यासाठी."

हात थांबले नाहीत. आणखी एक तार आरपार गेली, ताणली, अडकली. मग बापाने खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला.

"ती हरावी असं मला कधी वाटेल का?" तो म्हणाला. "मला फक्त तिची हाक यायला हवी होती. एकदा. बाबा, जरा येता का, एवढीच."

घरी सकाळी सगळे निघून गेल्यावर, बंद करायला एखादा चालू नळ शोधत फिरणारा माणूस फौजदारांना जवळून माहीत होता.

"हाक मी मारलीच नव्हती," दाराशी आवाज आला. छोटी केव्हा येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नव्हतं. "संचालकांनी मारली. मला टेबल बघताक्षणीच कळलं होतं. मधून कापायला मलाही तुम्हीच शिकवलंत."

"मग बोलली का नाहीस?" कोचनी विचारलं.

"मी बोलले असते तर ते खरं झालं असतं."

तिने विणून झालेली एक रॅकेट उचलली, तळहातावर जाळी आपटली आणि आवाज ऐकला. पुन्हा आपटली.

"किती ताण दिलाय बाबा?"

"बावन्न पौंड."

"मी अठ्ठेचाळीसवर खेळते."

"माहीत आहे. काल सेमीफायनलला तुझे फटके रेषेबाहेर पडत होते. ढिल्या जाळीवरून चेंडू उडतो, बाळ. यांना खालून दिसत नाही. मला वरून दिसतं."

"मी विचारलं होतं?"

बापाने पुढची तार छिद्रातून ओवली. चोर पुष्कळ पाहिलेल्या फौजदारांना, चोरलेला माल आपल्या मापाने दुरुस्त करून परत देणारा मात्र पहिल्यांदाच भेटत होता.

तक्रार सामन्यानंतर बघू, संचालक म्हणाले, आणि त्यांच्या स्वरावरून ती कधीच बघायची नाही हे सर्वांना समजलं. छोटीपुढे दुसरा मार्ग नव्हता. ती तिन्ही रॅकेट घेऊन उन्हात गेली.

फौजदार सर्वांत वरच्या रांगेत बापाशेजारी बसले. संचालकांच्या मते हा बंदोबस्त होता.

छोटी सहा-तीन, सहा-चार अशी जिंकली. चेंडू सुटत होता, रेषेकडे धावत होता आणि रेषेच्या आत वीतभर पडत होता. सुरुवातीला ती प्रत्येक फटक्यानंतर रॅकेटकडे बघत होती, नंतर बघायची थांबली. शेवटी ताई नेटवरून तिच्या गळ्यात पडली. चषक हातात आल्यावर छोटी रडली. समालोचक आनंदाश्रू म्हणाला. तिने संचालकांचे आभार मानले, कोचचे, ताईचे, गटिंगवाल्याचे, अगदी सचोटी अधिकाऱ्यांचेही. यादी तिथे संपली.

"बघितलंत?" बाप फौजदारांच्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "एक तरी बाहेर गेला?"

गेला नव्हता, हे फौजदारांनाही दिसलं होतं.

वाहनतळावर बाप गाडीच्या डिकीत यंत्र ठेवत होता. छोटी कोचच्या गाडीकडे जाता जाता थांबली, मागे वळली आणि त्याच्यापर्यंत आली. त्याने हात पुसले, पिशवी घ्यायला पुढे केले. तिने पिशवी खांद्यावरच ठेवली.

"कोचना सांगितलंय," ती म्हणाली. "यापुढे बावन्नच ठेवायचे. आता तुम्हाला वरून बघायला यायची गरज नाही."