मधलं शिंग

शिरदाक, म्हणजे नक्षीचा लोकरी गालिचा, करायचा तर दाबलेल्या लोकरीचे दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून एकदमच कापायचे. लालाचा तुकडा काळ्यात बसतो, काळ्याचा लालात, आणि चिमूटभर लोकर वाया जात नाही. बेगिमाय आणि तिची मैत्रीण कुंदूझ यांनी असेच दोन नमदे कापले होते. लाल बेगिमायचा, काळा कुंदूझचा. बाकीची नक्षी दोघींनी आपसांत बदलून शिवायला घेतली. कुंदूझ डावखुरी, तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे आणि बेगिमाय त्यावरून तिला चिडवायची. नक्षीतलं मधलं मेंढ्याचं शिंग मात्र अगदी शेवटी बदलायचं, अशी दोघींची बोली होती.

ते राहूनच गेलं. मार्चमध्ये दोघी घोड्याच्या घसरगाडीतून गोठलेली नारीन नदी ओलांडत होत्या आणि बर्फ फुटला. घोडा गेला, काळा नमदा त्याच्या शिंगासकट गेला, कुंदूझ गेली. बेगिमायला लोकांनी केसांना धरून वर ओढलं. कुंदूझ सापडलीच नाही.

वर्षभर बेगिमायने सुईला हात लावला नाही. कुणाशी धड बोललीही नाही. मग शेजारी नुरझात सून म्हणून आली आणि तिने एके सकाळी पेटीतून लाल नमदा ओढून काढला.

"शिवायला घे. नाहीतर यात उंदरांची लग्नं लागतील."

"राहू दे, वहिनी."

"राहू देते. आधी चहा टाक, मग राहू देते."

नुरझात रोज येऊ लागली. दोघी समोरासमोर बसून शिवायच्या. एकदा मान वर न करताच बेगिमाय म्हणाली, "ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, घाबरट कुठली, बर्फ पक्का आहे."

"तूही त्याच गाडीत होतीस ना गं? कच्चा आहे हे ठाऊक असतं तर बसली असतीस?"

बेगिमाय पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला सपाटून भूक लागली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

शेवटचा टाका पडला. मधोमध शिंगाच्या आकाराचं भोक तेवढं उरलं.

"दुसरं काळं कापून लावू," नुरझात म्हणाली.

"नको. ती जागा तिची आहे." हे म्हणताना छातीवरचं ओझं उतरल्याचं बेगिमायला जाणवलं. तिने स्वतःला माफ केलं होतं.

दोघी अंगणात तंदूरमधल्या रोट्या काढायला गेल्या. दार डोळ्यांसमोरच होतं. आत कुणी गेलं नाही.

परतल्या तेव्हा नमदा ओला होता.

भोक बुजलं होतं. काळं शिंग काठाला काठ लावून बसलं होतं.

"वहिनी, तू..."

"मी तुझ्याबरोबरच होते ना."

बेगिमायने बोट लावलं. लोकर गारठलेली होती. टाके उलट्या बाजूला कलले होते.

नुरझातच्या हातातली रोटी जमिनीवर पडली, आणि ती उचलून कपाळाला लावायचंही कुणाला सुचलं नाही.

बेगिमायने पेटी उघडली. कुंदूझच्या नमद्यात बसायचं होतं ते आपलं लाल शिंग तिने रुमालात बांधून तळाशी ठेवलं होतं.

गाठ तिने मारली होती तशीच होती. रुमाल रिकामा होता.