ओला हातमोजा

“जड ते पाठीला लागून. आणि ओलं काही आत भरायचं नाही, मग ते कितीही लाडकं असो.”

बॅग भरताना हे दर वेळी असंच सांगायचे. एकोणीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या हवामान केंद्रात चार महिन्यांसाठी गेले. बॅग परत आली, हे आले नाहीत. निघताना दारात म्हणाले होते, लेक मोठी होऊन कधी वर यायची म्हणाली, तर तिला एकटी पाठवू नकोस. ती तेव्हा सहा वर्षांची. मी हसत हसत वचन दिलं होतं.

आता तिची नेमणूक त्याच केंद्रावर झाली. मी म्हटलं, सोबत येते, निदान पायथ्यापर्यंत. “आई, जिना चढताना तुझे गुडघे तुझ्याआधी देवाचं नाव घेतात,” ती म्हणाली. विषय संपला.

तिची बॅग आठवडाभर खिडकीखाली उघडी होती. वजन तेरा किलोंच्या आत हवं म्हणून रोज संध्याकाळी ती काट्याला लटकवून बघायची.

सकाळी देवापुढे दिवा लावला की तो शांत होईपर्यंत मी बोलत नाही. असा माझा नेम. तेवढ्यात ती कामाला निघून जाते.

सोमवारी बॅगेत, पाठीच्या बाजूला, एक हातमोजा दिसला. राखाडी लोकर, अंगठ्याला लाल धाग्याची डागडुजी. मीच विणलेला, मीच सांधलेला. मनात पाल चुकचुकली. ती जोडी घालूनच हे गेले होते. मग वाटलं, मी दुसरी विणली असेल. लेकीनं त्यातला एक जपला असेल. हातमोजा दमट होता. मी तो वाळत घातला आणि कपाटात ठेवला.

मंगळवारी तो परत बॅगेत. ओला. बुधवारी तर पिळल्यावर पाणी निघालं. लेक हट्टी आहे, मी मनाशी म्हटलं, आणि पुन्हा काढून ठेवला. संध्याकाळी विचारता आलं असतं. पण यांचा विषय काढायचा नाही, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं.

गुरुवारी ती निघणार होती. दिवा अजून तेवत होता. बॅगेचा बंद आवळता आवळता ती थांबली.

“आई, बाबांचा हातमोजा रोज कशाला भरतेस? मी काढते, तू घालतेस. ओला असतो गं.”

मी मान हलवली. नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली.

“मीही नाही,” ती हळूच म्हणाली. मग हसायचा प्रयत्न केला. “म्हणजे बाबाच न्यायला आले म्हणायचं.”

हसू ओठांवरच राहिलं.

तिनं बॅग काट्याला लावली. बारा किलो. हातमोजा काढून पुन्हा लावली.

सात.



मी माझी शाल, औषधं आणि जपमाळ छोट्या पिशवीत भरली. जड ते पाठीला लागून. ओलं आत भरायचं नव्हतं, म्हणून हातमोजा हातात चढवला.

बाहेरून तो बर्फासारखा होता. आतून उबदार, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखा.

दिवा शांत झाला. लेकीनं विचारलं, “कुठे निघालीस?”

मी तिचा हात धरला आणि जिना उतरू लागले.