पॉज दाबल्यावर

कीबोर्डच्या वरच्या बाजूला, उजवीकडे, तीन बटणं असतात. त्यांच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करता करता बाईंचे केस पिकले, पण त्यांनीही ती कधी दाबली नव्हती. त्यांची नणंद कॉम्प्युटर शिकवायची. एका दुपारी ती ऑफिसात डोकावली आणि बाईंची धडपड बघून हसायलाच लागली.

"वहिनी, रेकॉर्डिंग थांबवायला दर वेळी माउस काय शोधता? हे पॉजचं बटण आयतं बसून खातंय. त्यालाच कामाला लावते."

"आणि हे शेजारचं, स्क्रोल लॉक?"

"ते कशासाठी आहे, हे बनवणाऱ्यालाही आठवत नसेल!"

पॉजने बाईंचं काम निम्म्यावर आणलं. हेडफोनमधलं वाक्य ऐकायचं, बटण दाबून थांबवायचं, टाइप करायचं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग नुकत्याच वारलेल्या एका गृहस्थांचं निवेदन आलं. घर पुतण्याला दिल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आवाज संथ होता, पाठ केल्यासारखा. "हे मी राजीखुशीने सांगतोय..."

बाईंनी पॉज दाबलं. बोलणं थांबलं.

श्वास थांबला नाही.

नणंदेने काहीतरी अर्धवट करून ठेवलंय, असं बाईंना वाटलं. त्यांनी माउसने थांबवून पाहिलं. चिडीचूप. पुन्हा चालू करून पॉज दाबलं. घरघरणारा श्वास, अगदी कानाशी. मागे चादरीची सळसळ. आणि दबक्या आवाजात, "तो गेला का?"

बाईंनी झटकन मागे पाहिलं. फायलींचं कपाट, खिडकीतलं ऊन, बाहेर रस्त्यावरचे हॉर्न. दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी हेडफोन वकीलसाहेबांच्या कानाला लावला आणि बटण दाबलं. साहेबांनी क्षणभर ऐकलं, मान हलवली.

"काहीच नाही हो. बाई, चष्म्याबरोबर कानही तपासून घ्या."

"साहेब, हे बोलताना तुम्ही तिथे होतात?"

"नाही. पुतण्यानेच रेकॉर्ड करून आणून दिलं. का?"

"सहज विचारलं."

पण शंकेने एकदा घर केलं की ती सुखाने बसू देते थोडीच? साहेब आत गेल्यावर बाईंनी हेडफोन पुन्हा चढवला.

"गेला का तो?"

आपण काय करतोय हे कळायच्या आत त्या पुटपुटल्या, "हो, गेला."

एक लांब श्वास. "मग दार उघडा. बाहेरून कडी आहे."

बाईंनी हेडफोन ओरबाडून काढला. त्याची वायरच उपटून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात पुतण्या कागदांवर सह्या करायला आला. इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं.

"काकांनी शेवटपर्यंत माझंच नाव घेतलं हो," म्हणत तो बाईंच्या समोर बसला.

तो खाली मान घालून सह्या करू लागला. बाईंनी हळूच पॉज दाबलं.

त्यांना काहीही ऐकू आलं नाही.

पुतण्याचं पेन मात्र थांबलं. कागदावरची नजर न उचलता, रोजचंच असल्यासारखा कंटाळून तो म्हणाला,

"झोपा आता, काका."

आणि त्याने सही पूर्ण केली.