काकांच्या मनगटातलं आठवं हाड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, आणि ती भुताखेतांना अजिबात न जुमानणारी बाई आहे.

मंगळवार. दुपारचे पावणेदोन. मेडिकल कॉलेजातली हाडांची खोली.

मावशी तिथे बावीस वर्षं हाडं साफ करते, दोऱ्यात ओवते, मुलांच्या हाती देते. मनगटाचा धडा असला की मॅडम तिलाच वर्गात बोलावतात. मग ती आपला उजवा हात पुढे करते.

"करंगळीच्या रेषेत खाली, मनगटापाशी तळहाताच्या कडेला दाब. लागलं ना वाटाण्याएवढं? मनगट सैल सोडलं की हलतं बघ."

हे काम तिला काकांनी शिकवलं. नात्यातले नव्हेत; तिच्या आधी ती खोली सांभाळायचे. चूक दिसली की तळहाताच्या त्याच कडेने टेबलावर दोनदा ठोकायचे. ठक्‌ ठक्‌. नियम एकच. एका माणसाची हाडं दुसऱ्याच्यात मिसळायची नाहीत.

काकांनी देहदान केलं. जाण्याआधी मावशीला बजावून गेले, "माझा उजवा हात तूच ओव. पण पूर्ण ओव."

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

ते वाटाण्याएवढं हाड स्नायूच्या चिवट टोकात दडलेलं असतं. साफ करताना मावशीने ते टोक कापून टाकलं. हाडासकट. लक्षात आलं तेव्हा कचरा जळून गेला होता.

"इतक्या वर्षांत एकदा नाही, आणि काकांच्याच वेळी माती खाल्ली!"

स्वतःवर भयंकर चिडली ती. बुधवारी धडा होता. शेवटी सोमवारी तिने सुट्या हाडांच्या डब्यातलं मापाचं एक उचललं आणि दिलं ओवून. कोणाला कळणार होतं?

चहा पिऊन परत आली, तर...

ते हाड टेबलाच्या पार टोकाला पडलेलं. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी.

पुन्हा ओवलं. दुहेरी गाठ मारली. तासाभराने पुन्हा टोकाला.

"कोण चेष्टा करतंय रे?" ती कॉरिडॉरमध्ये जाऊन ओरडली. कॉरिडॉर रिकामा होता.

मंगळवारी तिने तिसऱ्यांदा ओवलं, वरून गोंद लावला आणि समोरच जेवणाचा डबा उघडून बसली. बघतेच म्हणाली, कसं निघतं ते.

पावणेदोनला पंखा बंद पडला.

खोलीत चिडीचूप.

मग...

ठक्‌ ठक्‌.

काकांचा हात जागचा हलला नव्हता. पण ते हाड घरंगळत टेबलाच्या टोकाला निघालं होतं.

ठक्‌ ठक्‌. ठक्‌ ठक्‌.

घाबरायचं सोडून मावशीचं डोकंच फिरलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. "अहो काका, पुरे झालं! जळलं हो ते! चुकलं माझं! आता कुठून आणू? माझ्या हातातलं काढून देऊ का?"

ठोकणं थांबलं.

लगेच.

बुधवारी सकाळी तिने कुलूप उघडलं. काकांचा हात पूर्ण होता. मनगटात आठच्या आठ हाडं, आणि गाठ... काकांची. तशी गाठ मावशीला कधीच जमली नाही. डब्यातलं ते परकं हाड टेबलाच्या टोकाला तसंच पडलेलं होतं.

मग हे आठवं आलं कुठून?

विचार करायला वेळच नव्हता. मॅडमची हाक आली. मावशी वर्गात गेली, सवयीने उजवा हात पुढे केला.

एका मुलीने दाबून पाहिलं. "ताई, काही लागत नाहीये."

"नीट दाब गं."

दुसरीने दाबलं. मग तिसऱ्याने. शेवटी वैतागून मावशीने स्वतःच बोट लावलं.

तिथे नुसती मऊ कातडी होती.

दुखत नव्हतं. कापल्याची खूण नव्हती. एक्स-रेत सातच हाडं आली. डॉक्टर म्हणाले, "जन्मापासूनच नसेल."

मावशी अजून तणतणते. "जन्मापासून म्हणे! मग बावीस वर्षं मुलं काय दाबत होती?"

आता मनगटाच्या धड्याला ती काकांचा हात पुढे करते. परवा एक मुलगा म्हणाला, सात हाडं गार लागतात, एक मात्र कोमट आहे.

"तुझाच हात गरम असेल," मावशी त्याच्यावर खेकसली. आणि उजवा हात तिने पदराखाली घेतला.