टोपीवाल्यावरून भांडण

नाशिकच्या द्वारका चौकात आभाची सनी मोपेड बंद पडली ती नेमकी पाऊस सुरू झाल्यावर. किक मारून मारून पाय भरून आला, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून जिवावर उठले, आणि संध्याकाळच्या आत सदराचा मजकूर संपादकांच्या टेबलावर पडायचा होता. ती गाडीला चार शब्द सुनावत असतानाच बाजूला एक टेम्पो येऊन थांबला. झेंडूचा वास आधी आला, माणूस मागाहून दिसला.

"कुठं जायचंय?"

"शालिमारला. पण ही गाडी..."

"ती बी येईल की. टोपल्या रिकाम्याच हायेत मागं."

तिने हो म्हणायच्या आत त्याने सनी उचलून टोपल्यांमध्ये ठेवलीसुद्धा. उंच, सावळा, बाह्या दुमडलेल्या, आणि केसांतलं पाणी गालावर ओघळलं तरी पुसायची फिकीर नसलेला. आभाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग उगाचच वायपरकडे पाहत बसली.

टेम्पो हलला तसा टेपही सुरू झाला. इंग्रजी गाणं होतं. कुणी कोवळ्या आवाजाचा पोरगा गिटार घेऊन धावत सुटला होता. आभाने पुढ्यातलं कॅसेटचं कव्हर उचललं. त्यावर गवताने भरलेली गाडी होती आणि तिला टेकून उभा असलेला एक मोठ्या टोपीचा माणूस.

हाच तो टोपीवाला. नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत आभा गायधनी नव्या कॅसेटवर लिहायची, आणि अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा हा लाखांनी खपलेला अल्बम तिनेच सोलून काढला होता. मुंबईच्या इंग्रजी पेपरांनी त्याला बाजारू म्हटलं होतं, तिकडच्या जाणकारांनी तर हा गावाकडचा नव्हेच असा शिक्का मारला होता. आभा त्यांच्याही पुढे गेली होती. 'गायक अर्धवट झोपेत आहे,' तिने लिहिलं होतं, 'आणि जागा असतो तेव्हा रडत असतो.'

तेव्हापासून दर आठवड्याला शहरालगतच्या मखमलाबादहून कुणा जीवन काठेचं तावातावाने लिहिलेलं पत्र येत होतं, आणि आभा सदरातून त्याला तितक्याच तावात उत्तर देत होती. त्याच्या बाजूने आणि तिच्या बाजूने लिहिणारेही निघाले. सदर बंद करायला टेकलेले संपादक रंगनाथराव खूश झाले. "हे भांडण चालू आहे तोवर तुझं सदर चालू," असं त्यांनी तिला तोंडावर सांगून टाकलं होतं. आभाला दुसरं काही नको होतं; आठवडाभर शाळेत मुलांच्या वह्या तपासून ती जगत होती ती त्या रविवारच्या दोन रकान्यांसाठी.

"काय झकास गातो, नाय?" टेम्पोवाला म्हणाला. "आणि आपल्या इथली एक बाई म्हणते, हा झोपेत गातो. वाचलंय तुम्ही?"

"...वाचलंय."

"त्या बाईला गाण्यातलं काय कळत नाय बघा. हा माणूस माल घेऊन निघालाय. घरी बायको वाट बघतीय. घाई हाय त्याला, घाई! झोपंल कसा?"

"तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"निम्मं. गाडी, पाऊस, बाई, आणि घरी जायचंय. बाकी कळून काय करायचंय?"

आभाला हसू येत होतं आणि रागही. शेवटी रागाने बाजी मारली. "पण हा तो नाहीच," ती म्हणाली. "त्याचा आवाज जाड आहे, घोगरा. हे कुणीतरी शाळकरी पोर आहे."

"तुम्ही कधी ऐकला?"

"सात वेळा. लिहिण्याआधी."

टेम्पो कालिदास नाट्यगृहाच्या अलीकडे जरासा झोल खाऊन सरळ झाला. त्याने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे मोठे होते त्याचे, आणि आता ते अजून मोठे झाले.

"म्हणजे तुम्ही..."

"तीच. आणि तुम्ही जीवन काठे. तुमच्या प्रत्येक पत्रात मला गाण्यातलं कळत नाही हे एकदा तरी असतंच."

आता हा वरमेल, माफी मागेल, असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "मग उतरू नका. आधी निकाल लावू."

जीवनने कॅसेट घेतली होती त्या महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात दोघं थडकले. दुकानदाराने ती नव्याकोऱ्या डेकवर लावली. गाणं सुरू झालं... आणि दोघांचे चेहरे पडले. आवाज जाडही नव्हता, कोवळाही नव्हता. गायक झोपलेला नव्हता आणि पळतही नव्हता. एक बरा माणूस बरं गाणं बऱ्यापैकी म्हणत होता.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. गायधन्यांच्या घरच्या टेपचा पट्टा सैल होऊन तो हळू फिरत होता. त्यावर आभाच्या बाबांच्या प्रवचनाच्या कॅसेट तेवढ्या वाजायच्या, आणि त्यातले महाराज मुळातच सावकाश बोलणारे. कुणाला शंका यावी कशी? जीवनचा टेप पळत होता, आणि त्याने चार महिने त्यावर हीच एक कॅसेट ऐकली होती. म्हणजे इतके आठवडे अख्खं नाशिक दोन बिघडलेल्या टेपांवरून भांडत होतं.

"हसू नका," आभा म्हणाली. "माझं सदर जाईल."

त्याचं हसू थांबलं. तिने रंगनाथरावांची अट सांगितली. त्याने डेकमधली कॅसेट काढून खिशात घातली.

"सांगू नका कुणाला," तो हळूच म्हणाला. "मी लिहीत राहतो ना पत्रं. दर आठवड्याला. ...सवयच लागलीय."

"खोटं खोटं भांडायचं?"

"तुमच्याशी खोटं कुठं जमतंय? दोन मिनिटांत खरं होतं ते."

आभाने मान खाली घातली. हो म्हणावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. आणि ते सदरासाठीच वाटत होतं असंही नव्हतं. त्याचाच तर तिला जास्त वैताग आला. त्या गायकाला आपण विनाकारण झोपाळू ठरवलं, आणि आता ते माहीत असून गप्प बसायचं? मग सदर राहूनही त्यात लिहायला तोंड कुठलं?

तिने सगळं लिहिलं. टेपचा पट्टा, टेम्पो, महाराजांचं प्रवचन, काही सोडलं नाही. शेवटी लिहिलं, 'अल्बम ठीक आहे. प्रवासात ऐकावा.' रंगनाथरावांनी ते छापलं, कारण जागा भरायची होती. वाचकांनी पोट धरून हसून घेतलं आणि पुढच्या रविवारी त्या जागी राशिभविष्य आलं.

मखमलाबादहून पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. आभा राहिलेलं मानधन घ्यायच्या निमित्ताने कचेरीत जायची आणि शिपायाला सहज विचारल्यासारखं टपालाचं विचारायची. सदर गेल्याचं दुःख होतंच, पण त्याची निदान चार माणसांत चर्चा करता येत होती. या दुसऱ्या दुःखाचं काय करायचं हे तिला कळेना. पत्रं यायची तेव्हा वैताग, येत नाहीत तर दुप्पट वैताग. असा कसा हा माणूस?

दसरा होऊन गेला. एका दुपारी ती कचेरीच्या जिन्यावरून उतरत होती, तर खाली जीवन उभा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हात रिकामे.

"कुठे होतात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पत्र लिहायला बसलो होतो," तो म्हणाला. "चारदा बसलो. भांडायला काय सापडंना. तुम्ही सगळं खरं लिहून टाकलेलं."

"मग?"

"मग ध्यानात आलं..." त्याने मानेवरून हात फिरवला. "मला त्या टोपीवाल्याचं काय पडलं नव्हतं. पहिलं पत्र त्याच्यासाठी लिहिलं. बाकीची... तुम्ही काय उत्तर देता ते वाचायला."

आभा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तशीच उभी राहिली. तिला खूप बरं वाटत होतं आणि तेवढाच रागही येत होता.

"हे सांगायला इतके दिवस?"

"दसऱ्याला झेंडू असतो हो. मळ्यातनं मान वर काढायला फुरसत नव्हती."

"एक ओळ लिहायला किती फुरसत लागते?"

"लिहून सांगायचं नव्हतं."

आभा शेवटची पायरी उतरून त्याच्यासमोर आली.

"मला तुम्ही आवडता," जीवन म्हणाला. आवाज जरासा कापला, पण शब्द नीट आले. "आता भांडा."

"नाही भांडत." हे तिने दटावूनच सांगितलं. "मलाही आवडता. रविवारी घरी या, बाबांशी बोला. आणि एक ऐका, तिथे वाद घालायचा नाही. कशावरूनही नाही. ते काहीही म्हणाले तरी मान हलवायची."

"काहीही?"

"काहीही."

जीवनने थोडा विचार केला.

"आणि चुकीचं म्हणाले तर?"